लांब इंग्रजी शब्द मुलांना कुठे तोडायला शिकवावे : उच्चाराप्रमाणे की घटकांप्रमाणे?

खानापूरच्या_बाई (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वर्गातील बहुतेक मुले ‘शिप’, ‘रेन’, ‘मार्केट’ असे शब्द न अडखळता वाचतात. परंतु शब्द चार-पाच सिलॅबलांचा (म्हणजे एकेका स्वराच्या आवाजाभोवती होणाऱ्या उच्चाराच्या तुकड्यांचा) झाला की त्याचे पहिले टोक आणि शेवटचे टोक पाहून मधला भाग अंदाजाने ठोकून देतात. परवा एका मुलाने ‘कॉन्व्हर्सेशन’च्या जागी अगदी आत्मविश्वासाने ‘कॉन्स्टिट्यूशन’ वाचले. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, आणि मधे भलताच शब्द.

म्हणून लांब शब्द तोडून वाचण्याची सवय लावावी असे मी ठरवले, पण तोडायचे कुठे याच मुद्द्यावर घोडे अडले आहे. मुलांची स्वतःची तोड सरळ लिपीतून येते. मराठीत आणि इथल्या शाळांत शिकवल्या जाणाऱ्या कन्नडमध्येही जोडाक्षर हे एकच अक्षर मानले जात असल्यामुळे ती ‘सिस्टर’ हा शब्द ‘सि-स्ट-र’ असा फोडतात, आणि ‘हॉस्पिटल’ ‘हॉ-स्पि-ट-ल’ असा. शब्दकोशात मात्र ‘सिस-टर’ आणि ‘हॉस-पि-टल’ अशी तोड दिसते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. बेळगावला जाता-येता मुलांना कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राची पाटी दिसते. त्यातला ‘रेजिमेंटल’ हा शब्द मी फळ्यावर घेतला. शब्दकोशाप्रमाणे त्याचे शेवटचे दोन तुकडे ‘मेन’ आणि ‘टल’ असे होतात. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे तो ‘रेजिमेंट’ अधिक ‘अल’ आहे. मुलांनी विचारले, “बाई, ह्यातलं खरं कुठलं?” आणि मला ठाम उत्तर देता आले नाही. या दोहोंपैकी आधी काय शिकवावे, तोडण्याचा काही भरवशाचा नियम आहे का, आणि स्पेलिंगसाठी या सगळ्याचा उपयोग होतो का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निपाणीचे_जुने_सर

बाई, दोन्ही तोडी खऱ्या आहेत, कारण त्या दोन वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. सिलॅबलची तोड तोंडासाठी असते आणि घटकांची, म्हणजे उपसर्ग, गाभा आणि प्रत्यय यांची, तोड अर्थासाठी व स्पेलिंगसाठी असते. कित्येक शब्दांत त्या एकाच जागी पडतात, जसे ‘अन-हॅपी’ किंवा ‘कॅन्टोन-मेंट’. कित्येकांत पडत नाहीत, आणि मुलांना ते लपवण्याचे काही कारण नाही.

आपल्या भागातील मुलांसाठी मी ‘ट्रॅक्टर’ या शब्दापासून सुरुवात करत असे. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडीच्या रस्त्यांवर दुसरे दिसते काय! बोलताना तो ‘ट्रॅक-टर’ असा दोन तुकड्यांत येतो, पण त्याची बांधणी ‘ट्रॅक्ट’ अधिक ‘ओ-आर’ अशी आहे. ‘ट्रॅक्ट’ हा लॅटिनमधील ‘ओढणे’ या अर्थाच्या धातूचा अवशेष आहे आणि ‘ओ-आर’ म्हणजे ते काम करणारा. हे एकदा कळले की ‘अट्रॅक्ट’ म्हणजे स्वतःकडे ओढणे, ‘सबट्रॅक्ट’ म्हणजे खालून ओढून काढणे अर्थात वजा करणे, ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे बाहेर ओढून काढणे, असे सगळे कुटुंबच हाती लागते. ‘ट्रॅक-टर’ एवढेच शिकलेल्या मुलाला त्यातला ‘ट्रॅक’ दिसतो आणि तो रुळांकडे जातो.

आता क्रम. लांब शब्द समोर आला की आधी त्याची दोन्ही टोके सोलावीत, म्हणजे ओळखीचा उपसर्ग आणि ओळखीचा प्रत्यय बाजूला काढावा, आणि मग जो गाभा उरेल तेवढ्याचेच सिलॅबल पाडावेत. ‘अनकम्फर्टेबल’मधून ‘अन’ आणि ‘एबल’ गेले की ‘कम्फर्ट’ उरतो, आणि ‘कम-फर्ट’ वाचायला सहावीच्या मुलाला अवघड जात नाही. तुमच्या त्या मुलाची गोष्ट याच जागी आहे : त्याला ‘कॉन’ आणि ‘शन’ ही टोके ओळखता येतात, म्हणजे अर्धे काम झालेले आहे, त्याला फक्त ती टोके बोटाने झाकून मधल्या भागाकडे निवांत पाहायला शिकवायचे आहे.

गाभ्याचे सिलॅबल पाडताना पहिला प्रश्न एकच : स्वरांचे आवाज किती? अक्षरे मोजू नयेत, आवाज मोजावेत. ‘रेन’ या शब्दात ए आणि आय ही दोन स्वराक्षरे आहेत, पण आवाज एक, म्हणून सिलॅबल एक. ‘केक’च्या शेवटचा ई मुका आहे, म्हणून तिथेही एकच. त्यानंतर दोन स्वरांच्या मध्ये किती व्यंजने आहेत ते पाहावे. दोन असतील तर बहुधा त्यांच्या मधोमध तोड पडते : ‘मार-केट’, ‘डॉक-टर’, ‘विन-टर’. मात्र टी-एच, एस-एच, सी-एच, पी-एच या जोड्या एकाच आवाजाच्या आहेत, त्या तोडू नयेत. शब्दाच्या शेवटी व्यंजन अधिक एल-ई आले तर ती तीन अक्षरे मिळून एक सिलॅबल होतो, जसे ‘टेबल’मध्ये ‘टे’ आणि मग उरलेले ‘बल’.

स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तेव्हा मात्र नियम डळमळतो. ‘म्यूझिक’, ‘ओपन’, ‘पेपर’ यांत तोड व्यंजनाच्या आधी पडते आणि पहिला स्वर लांब राहतो. ‘कॅबिन’, ‘लेमन’, ‘रिव्हर’ यांत ती व्यंजनाच्या नंतर पडते आणि स्वर आखूड होतो. अक्षरांकडे पाहून हे आधी सांगता येत नाही. मुलांना एवढेच सांगावे की आधी लांब स्वराने वाचून बघा. ओळखीचा शब्द ऐकू आला नाही तर आखूड स्वराने वाचा. ज्या मुलाने तो शब्द कधी ऐकलेलाच नाही त्याला यापैकी काहीच उपयोगी पडत नाही. म्हणून मी वाचण्याआधी शब्द ऐकवण्याच्या बाजूचा आहे, मग कोणी काहीही म्हणो.

छंदप्रेमी_बेळगाव

सरांनी सांगितलेल्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. मी माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवतो, त्यामुळे इंग्रजीत फार नाक खुपसत नाही. परंतु बाईंनी ‘सि-स्ट-र’ची जी अडचण लिहिली आहे तिचे उत्तर आपल्याच वृत्तशिक्षणात तयार आहे आणि इंग्रजीचे शिक्षक त्याकडे सहसा वळत नाहीत.

लिहिताना आपण ‘पुस्तक’ हा शब्द ‘पु-स्त-क’ असा मांडतो. तरीही मात्रा मोजताना ‘पु’ हे ऱ्हस्व अक्षर गुरू धरतो, कारण पुढच्या जोडाक्षरातील स् चा भार मागे येतो. म्हणजे लिपीत स् पुढच्या अक्षराला चिकटलेला असला तरी कानाला तो ‘पुस्-तक’ असा मागच्या अक्षराला मिटवूनच ऐकू येतो. इंग्रजीचे शिक्षक ज्याला बंद सिलॅबल म्हणतात ते हेच. आठवी-नववीच्या मुलांना लघु-गुरू येत असते, त्यांना “सिस्टरमधला पहिला भाग लघु की गुरू?” असे विचारावे. ती ताबडतोब ‘गुरू’ म्हणतील, आणि गुरू का, याचे कारण सांगताना स् आपोआप मागे ओढतील. ‘हॉस्पिटल’, ‘मिस्टर’, ‘डॉक्टर’ या सर्व शब्दांना हे लागू पडते.

अर्थात ‘तुझ्या’सारख्या शब्दांत जोडाक्षराचा आघात मागे येत नाही आणि ‘तु’ लघुच राहतो, हेही मुलांना ठाऊक असते. इंग्रजीतही ‘सीक्रेट’मध्ये सी आणि आर या दोन्ही अक्षरांचा गट पुढे जातो, ‘सी-क्रेट’ असा. म्हणजे दोन व्यंजने असली की मधोमध तोडावेच असे नाही, हे समजावायला ‘तुझ्या’ हाताशी आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मराठीत द्वित्त लिहिले की ते उच्चारावे लागते. ‘अन्न’मध्ये दोन न् ऐकू येतात. इंग्रजीत ‘रॅबिट’ या शब्दात दोन बी लिहिलेले असले तरी उच्चार एकाच ब चा आहे, ‘रॅब्बिट’ नव्हे. दुसरा बी हा मागचा स्वर आखूड ठेवण्यासाठी बसवलेला पहारेकरी आहे. ‘होप’ या क्रियापदाचे ‘होपिंग’ होताना एकच पी राहतो, आणि ‘हॉप’ म्हणजे उडी मारणे याचे ‘हॉपिंग’ होताना पी दुप्पट होतो. ही एवढी एक जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मुलांना आलटूनपालटून वाचायला लावली तर सिलॅबल आणि स्पेलिंग यांचा संबंध त्यांना पाठांतराशिवाय दिसतो.

उपसर्गांविषयीही थोडे सांगतो. ‘इन’ हा नकारार्थी उपसर्ग ‘लीगल’ला लागला की ‘इल्लीगल’ असा दोन एल घेऊन का लिहिला जातो, ‘रेग्युलर’पुढे तो दोन आर घेऊन का येतो आणि ‘पॉसिबल’पुढे त्याचा ‘इम’ का होतो, हे मुलांना अपवाद म्हणून पाठ करायला लावतात. ज्यांना ‘उत्’ अधिक ‘लेख’ बरोबर ‘उल्लेख’ हा व्यंजनसंधी शिकवलेला आहे त्यांच्यासाठी यात नवे काहीच नाही. लॅटिनमध्येही उपसर्गाचे शेवटचे व्यंजन पुढच्या व्यंजनासारखे होत असे, आणि तो बदल इंग्रजी स्पेलिंगमध्ये तसाच उतरला आहे. सरांच्या ‘अट्रॅक्ट’मधले दोन टी याच मार्गाने आले आहेत, मूळ उपसर्ग ‘अ‍ॅड’ आहे.

मुद्रितशोधक_शहापूर

माझे आयुष्य छापखान्यात गेले, त्यामुळे मी शब्द वाचण्यासाठी कमी आणि ओळीच्या शेवटी तोडण्यासाठी जास्त वेळा फोडले आहेत. बाईंनी शब्दकोशातील तोडीवर जो विश्वास ठेवला आहे त्याबद्दल एक सूचना करावीशी वाटते.

पुष्कळ इंग्रजी शब्दकोशांत मुख्य शब्दामध्ये जे ठिपके असतात ते मुख्यतः ओळ संपताना शब्द कुठे तोडावा हे दाखवण्यासाठी असतात. उच्चार त्यापुढे तिरप्या रेघांमध्ये वा कंसात स्वतंत्र दिलेला असतो, आणि सिलॅबल पाहायचे तर तिथे पाहावेत. या भेदाची साधी खूण म्हणजे ‘अबाउट’ किंवा ‘अगेन’. हे शब्द उघडच दोन सिलॅबलांचे आहेत, पण वेबस्टर परंपरेच्या कोशांत त्यांच्यात ठिपका सापडणार नाही, कारण ओळीच्या शेवटी एकटे अक्षर सोडून उरलेला शब्द खाली नेणे छपाईत वाईट दिसते. एखाद्या हुशार मुलाने कोश उघडून “बाई, ह्यात तर एकच सिलॅबल आहे” असे म्हटले तर गोंधळून जाऊ नये.

शिवाय ब्रिटिश आणि अमेरिकन परंपरा वेगळ्या आहेत. अमेरिकन कोश उच्चाराकडे झुकतात, ब्रिटिश पद्धत शब्दाच्या घडणीकडे झुकत आलेली आहे. ‘नॉलेज’ हा शब्द अमेरिकन कोश डब्ल्यू आणि एल नंतर तोडतो, तर ब्रिटिश पद्धतीत डब्ल्यूपर्यंतचा ‘नो’ म्हणजे जाणणे हा भाग अखंड ठेवून एल खालच्या ओळीत जातो. म्हणजे तुमच्या मुलांनी ‘रेजिमेंटल’वरून जो प्रश्न विचारला तो दोन देशांच्या मुद्रकांमध्येही मिटलेला नाही.

संगणकाने हे काम हाती घेतले तेव्हा त्याची परीक्षा याच जागी झाली. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीसाठी फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शब्द तोडण्याची जी रीत बसवली, तिच्यावरचा त्यांचा प्रबंध 1983 सालचा आहे. त्या रीतीत व्याकरणाचे नियम नाहीत. अक्षरांचे हजारो छोटे नमुने आहेत आणि प्रत्येक नमुना ‘इथे तोडा’ किंवा ‘इथे तोडू नका’ असे सांगतो. तरीही ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दापुढे ही रीत हतबल होते. नाम असेल तर तोड सी नंतर पडते, क्रियापद असेल तर सी च्या आधी, ‘प्रेझेंट’चेही तसेच. नमुना फक्त अक्षरे पाहतो, वाक्य पाहत नाही. त्यासाठी शेवटी आमच्यासारखा माणूस लागतो, निदान आमची तरी तशी समजूत आहे.

अथणीची_नवी_शिक्षिका

माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी आणि घरी मराठी बोलणारी, अशी दोन्ही मुले आहेत, आणि सिलॅबल मोजताना त्यांच्या चुका वेगळ्या पडतात. कन्नड बोलणारी मुले इंग्रजी शब्दाच्या शेवटी उ जोडतात, ‘बस्सु’, ‘बुक्कु’, ‘कारु’. त्यामुळे टाळ्या वाजवून मोजायला सांगितले की ‘बुक’साठी दोन टाळ्या पडतात. मराठी बोलणारी मुले शेवट बरोबर मिटवतात, पण भूतकाळाच्या ई-डी ला हमखास ‘एड’ म्हणतात, ‘वॉकेड’, ‘जंपेड’. खरे तर टी किंवा डी ने संपणाऱ्या क्रियापदालाच ई-डी लागल्यावर नवा सिलॅबल वाढतो, जसे ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’. इतरत्र तो ‘वॉक्ट’, ‘प्लेड’ असा मागच्या आवाजातच मिसळतो. म्हणजे इथेही ‘ई-डी’ हा घटक एकच आहे आणि तो कधी सिलॅबल होतो, कधी होत नाही.

टाळ्यांऐवजी मी हनुवटीखाली हाताचा पंजा आडवा धरायला सांगते. शब्द सावकाश म्हटला की हनुवटी जितक्या वेळा हातावर टेकते तितके सिलॅबल. ‘बुक्कु’ म्हणणाऱ्या मुलीला दुसरा धक्का स्वतःलाच जाणवतो, मला काही सांगावे लागत नाही.

खानापूरच्या_बाई

सर्वांचे मनापासून आभार. लघु-गुरूची युक्ती आजच आठवीच्या वर्गात वापरली आणि ‘हॉस्पिटल’ पहिल्याच फेरीत सुटला. सर, टोके सोलण्याविषयी मात्र एक शंका आहे. मुलांना सोलण्याची इतकी गोडी लागली की ती ‘अंकल’मधून ‘अन’ काढू लागली आहेत आणि ‘कॉर्नर’मधून ‘ई-आर’ काढून मक्याचे कणीस हातात घेऊन बसली आहेत. त्यांना कसे आवरावे? तसेच ‘इलेक्ट्रिक’चे ‘इलेक्ट्रिसिटी’ आणि ‘इलेक्ट्रिशियन’ होताना सी चा आवाज प्रत्येक वेळी बदलतो. मग घटक ओळखून उच्चार कसा सापडणार?

निपाणीचे_जुने_सर

कणीस हातात आले हे उत्तम लक्षण आहे, मुले शब्दाच्या आत पाहू लागली आहेत. त्यांना पुढचा प्रश्न विचारण्याची सवय लावावी : सोलल्यावर जे उरले त्याचा आणि पूर्ण शब्दाचा अर्थाने काही संबंध लागतो का? ‘टीचर’मधून ‘ई-आर’ काढल्यावर ‘टीच’ उरतो आणि शिकवणारा हा अर्थ लागतो. ‘कॉर्नर’चा मक्याशी काही संबंध लागत नाही, म्हणून ते सोलणे रद्द. ‘अंकल’मधून ‘अन’ गेल्यावर उरणाऱ्या तीन अक्षरांना तर काहीच अर्थ नाही. मात्र उरलेला भाग स्वतंत्र शब्द असलाच पाहिजे अशी अट घालू नये, नाहीतर ‘ट्रॅक्ट’ किंवा ‘इन्स्पेक्ट’मधला ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, असे उपयोगी गाभे हातचे जातील. तो गाभा आणखी दोन-तीन शब्दांत त्याच अर्थाने सापडतो का, हे पाहणे पुरे.

‘इलेक्ट्रिक’विषयी तुमचे निरीक्षण बरोबर आहे : क, मग स, मग श. पण स्पेलिंगकडे पाहा, सी तिन्ही ठिकाणी जागच्या जागी आहे. इंग्रजी स्पेलिंगला आपण सारे नावे ठेवतो, आणि ती पुष्कळदा ठेवण्याजोगी आहेतच. परंतु अशा ठिकाणी ते आवाजाचा बळी देऊन कुटुंबाची ओळख टिकवते. ‘साइन’मध्ये ‘जी’ हे अक्षर ऐकू येत नाही, ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये येते. तुम्ही स्पेलिंगच्या उपयोगाविषयी विचारले होते, त्याचे उत्तर इथे आहे. ‘गव्हर्नमेंट’मधला पहिला एन बोलताना जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून मुले तो गाळतात; ‘गव्हर्न’ अधिक ‘मेंट’ हे ठाऊक असलेले मूल गाळत नाही. ‘डिसअपिअर’मध्ये एस एक का आणि ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये दोन का, हे कोणत्याही सिलॅबलच्या नियमाने सांगता येणार नाही, पण ‘डिस’ वेगळा काढला की लगेच दिसते : दुसऱ्या शब्दाचा गाभाच एस ने सुरू होतो.

उच्चारासाठी प्रत्ययांकडून एक मदत मिळते ती म्हणजे आघाताची. ‘आय-सी’, ‘आय-टी-वाय’ आणि ‘टी-आय-ओ-एन’ हे प्रत्यय सामान्यतः आपल्या लगतच्या आधीच्या सिलॅबलवर आघात ओढतात. म्हणून ‘इलेक्ट्रिक’मध्ये जोर ‘लेक’वर असतो आणि ‘इलेक्ट्रिसिटी’मध्ये तो सरकून ‘ट्रिस’वर जातो. ‘फोटोग्राफ’चा आघात पहिल्या सिलॅबलवर आहे, ‘फोटोग्राफी’चा दुसऱ्यावर, आणि त्यामुळे इंग्रजांच्या तोंडी पहिला ‘फो’ पार दबून ‘फ’ होतो. आपल्याकडे बेळगावात काय आणि बेंगळुरूत काय, सगळे ‘फोटोग्राफी’ असेच म्हणतात आणि ते सर्वांना कळते. त्यावरून मुलांना टोकू नये. ऐकताना इंग्रजी बातम्यांतील शब्द ओळखता यावा एवढ्यापुरते आठवीत सांगून ठेवावे.

पुढच्या तासाला पाटीच घ्यायची असेल तर विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या नावातील ‘टेक्नॉलॉजिकल’ घ्या. 1998 पासून ते आपल्या बेळगावातच आहे आणि मुलांनी नाव ऐकलेले असते. मागचा ‘ए-एल’ आणि त्याआधीचा ‘आय-सी’ सोलला की ‘टेक्नो’ म्हणजे कौशल्य आणि ‘लॉग’ म्हणजे त्याविषयीचे शास्त्र हे दोन ग्रीक घटक उरतात. मग हनुवटीखाली हात धरून पाच धक्के मोजायला लावा, आणि आघात ‘आय-सी’च्या आधीच्या ‘लॉ’वर येतो का ते मुलांनाच शोधू द्या. ‘बायोलॉजिकल’ आणि ‘सायकॉलॉजिकल’ त्यांना न शिकवता वाचायला द्या. दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीचा मुका पी तेवढा आधी दाखवून ठेवा.